प्रकाशाचे समान वाटप



मी कलाशाखेचा पदवीधर. प्रकाशशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार जिज्ञासूचा, तज्ज्ञाचा नव्हे. विषय मात्र आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. भिंतीवर विजेरीचा झोत टाकला, की मध्यभागी लख्ख उजेड आणि भोवती अंधुक वलय दिसते. हा उजेड सर्वत्र सारखा कसा पसरावा, एवढाच आजचा प्रश्न.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेणाऱ्यांना तो फार छळीत असे. त्या काळी दिव्याच्या ज्योतीची प्रतिमा भिंगाने थेट नमुन्यावर पाडीत. साहजिकच ज्योतीतले उजळ-मंद भाग छायाचित्रात उतरत, आणि डाग पेशीतला की दिव्याचा, हे सांगणे कठीण होई. जर्मनीतील गीसेन येथील तरुण प्राणिशास्त्रज्ञ आउगुस्ट क्योलर याने १८९३ मध्ये यावर तोड प्रसिद्ध केली. त्याने ज्योतीची प्रतिमा नमुन्यावरून हलवून कंडेन्सर भिंगाच्या छिद्रपटलावर आणली. आता ज्योतीच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश संपूर्ण नमुन्यावर पसरू लागला. एखादा बिंदू मंद असला, तर ती उणीव सर्वांच्या वाट्याला सारखीच येते. डाग उरत नाही. दिवा बदलावा लागला नाही, हे मला यातले खरे मर्म वाटते. १९०० मध्ये क्योलर येना येथील त्साइसच्या कारखान्यात गेला. त्याची रचना आजही प्रयोगशाळांत रूढ आहे.

लेसरचे दुखणे निराळे. त्याची शलाका बहुधा मध्यावर प्रखर व कडेकडे उतरती असते. कडा छाटून टाकाव्यात, हा उपाय सहज सुचतो (आम्हां सरकारी माणसांना तर फारच सहज!). पण हिशेब पाहावा: कडेची तीव्रता मध्याच्या ९० टक्क्यांखाली उतरू द्यायची नसेल, तर अवघा १० टक्के प्रकाश हाती उरतो. १९६५ मध्ये फ्रीडन या शास्त्रज्ञाने न छाटता फेरमांडणी करण्याची रीत गणिताने दाखविली. पहिले भिंग मध्यावरच्या किरणांची दाटी फाकविते व कडेच्या विरळ किरणांना दाट करते. दुसरे साऱ्यांना पुन्हा समांतर करते. या भिंगांचे पृष्ठभाग साध्या गोलाचे नसतात, आणि शलाका जराशी सरकली तरी समतोल बिघडतो.

म्हणून पुष्कळशा प्रक्षेपकांत तिसरी युक्ती योजतात. माशीच्या डोळ्यासारखी इवल्या भिंगांची जाळी दिव्यापुढे बसवितात. प्रत्येक भिंग आपल्या वाट्याचा प्रकाश सबंध चित्रफलकावर टाकते. पडद्याच्या कोपऱ्यातले नाव मागच्या रांगेतूनही वाचता येते, ते त्यामुळे.