मिश्रणाचे शास्त्र आणि साखर उद्योगातील अपव्यय

औद्योगिक मिश्रणतंत्र आणि उत्पादनातील अपव्यय हा विषय घेऊन तिसगावी परिषद भरावी, यात मोठे औचित्य आहे. हे गाव ज्यात येते तो पाथर्डी तालुका अवर्षणप्रवण आहे. येथील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीसाठी घर सोडतात, आणि याच तालुक्यात आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना उभा आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची साथ घेऊन उभारलेल्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० साली सुरू झाले, आणि त्यातून महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाला नवी दिशा मिळाली. ज्या जिल्ह्यात उसाला पाणी देणारा शेतकरी आणि ऊस तोडणारा मजूर हे दोघेही टंचाईशी झगडत आले आहेत, तेथे हाती आलेली साखर पुन्हा निसटून जाणे किंवा कारखान्याच्या सांडपाण्याने शेजारची विहीर नासणे ही केवळ ताळेबंदातली तूट राहत नाही. ती पाण्याची आणि श्रमाची नासाडी ठरते.

टाकाऊ पदार्थांचा विचार बहुधा कारखान्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे सांडपाण्याच्या नाल्यापाशी, सुरू होतो. तेथे शुद्धीकरण प्रकल्प उभारला जातो, त्यावर वीज आणि रसायने खर्च होतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांशी झुंज चालू राहते. वस्तुतः त्या नाल्यातील बराचसा भाग त्याच्या कितीतरी आधी, दोन पदार्थ जेथे पहिल्यांदा एकत्र येतात तेथेच, जन्माला आलेला असतो. रसात चुना कसा मिसळला, पाकातील स्फटिक कसे फिरत ठेवले, किण्वनाच्या टाकीत यीस्ट तळाशी बसले की तरंगत राहिले, यांवर पुढे काय विकले जाईल आणि काय फेकावे लागेल हे ठरते. मिश्रणयंत्राकडे दुय्यम साधन म्हणून न पाहता अपव्यय रोखण्याची पहिली जागा म्हणून पाहिले पाहिजे, हे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

मिश्रण म्हणजे नुसते ढवळणे नव्हे. शास्त्रीय अर्थाने ते तीन पातळ्यांवर घडते: संपूर्ण टाकीतील द्रव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरणे ही पहिली पातळी, मोठ्या प्रवाहाचे लहान लहान भोवऱ्यांत विभाजन होणे ही दुसरी, आणि शेवटी रेणू रेणूजवळ जाऊन विरघळणे किंवा त्यांची रासायनिक क्रिया होणे ही तिसरी. वरवर पाहता टाकी खळाळताना दिसत असली, तरी तिसऱ्या पातळीवर मिश्रण अपुरे असू शकते. आणि क्रिया जलद असेल तर हे अपुरेपण फार महागात पडते, कारण मिसळण्यास लागणारा वेळ क्रियेच्या वेळेपेक्षा जास्त झाला की एका जागी एका घटकाचा अतिरेक होतो, दुसरीकडे त्याचाच अभाव, आणि दोन्हीकडे नको असलेले उपपदार्थ तयार होतात. अमेरिकेतील रसायन उद्योगात सदोष मिश्रणामुळे होणारे नुकसान १९८९ साली वर्षाला १ ते १० अब्ज डॉलर एवढे अंदाजले गेले होते; या अंदाजाची व्याप्ती इतकी रुंद आहे याचाच अर्थ असा की, हे नुकसान नेमके मोजण्याची सवयसुद्धा उद्योगाला फारशी लागलेली नव्हती.

साखर कारखान्यातील रसशुद्धीची पायरी याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. उसाचा मिश्र रस सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात चुन्याचे दूध, म्हणजे चुनकळी विरवून केलेले पातळ द्रावण, आणि सल्फर डायऑक्साइड वायू सोडला जातो. या दोहोंच्या क्रियेतून बनणारा साका रसातील अशुद्ध द्रव्ये आपल्याबरोबर घेऊन खाली बसतो. रसाचा सामू, म्हणजे आम्लता आणि अल्कता मोजणारा अंक, शेवटी ७ च्या किंचित वर राहावा अशी अपेक्षा असते. परंतु टाकीच्या बाहेर येणाऱ्या रसाचा सामू बरोबर आला म्हणून आत सर्व ठीक झाले असे समजणे चूक आहे. चुना पडतो त्या जागी तो लगेच पसरला नाही, तर तेवढ्या भागात सामू फार चढतो, रसातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे विघटन होते आणि रंगद्रव्ये व आम्ले तयार होतात. उलट वायू सुटतो त्या जागी सामू फार घसरला, तर उष्णतेच्या साहाय्याने साखरेचेच विघटन होऊन ती कायमची हातची जाते, कारण विघटित झालेली साखर पुढे कोणत्याही यंत्राने पुन्हा स्फटिकरूपात येत नाही. सरासरी अचूक आणि जागोजागी चूक, अशी ही अवस्था सामू मोजणाऱ्या एका मापकाला दिसत नाही. येथे मिश्रण जोरकस आणि तत्काळ हवे.

यानंतर काही मिनिटांतच त्याच रसाला अगदी विरुद्ध वागणूक द्यावी लागते. साका लवकर खाली बसावा म्हणून त्यात लांब साखळीचे बहुवारिक रसायन, ज्याला कारखान्यात फ्लॉक्युलंट म्हणतात, अत्यंत अल्प प्रमाणात घातले जाते. हे रसायन पाण्यात कालवतानाच, पिठल्यात डाळीचे पीठ एकदम टाकले की गुठळ्या होतात तसे, गोळे धरते आणि गोळ्यांच्या आत गेलेला भाग वाया जातो. म्हणून भुकटी सावकाश भुरभुरावी लागते. पुढे रसात ते जोराने घुसळले, तर त्याच्या साखळ्या तुटतात आणि जमलेले पुंजके फुटून रस पुन्हा गढूळ होतो. अनेक ठिकाणी अशा वेळी रसायनाची मात्रा वाढवली जाते. खरा इलाज पंपाची जागा बदलणे किंवा पात्यांची गती उतरवणे हा असतो. एकाच विभागात एका टाकीला वेग हवा आणि दुसरीला संयम, ही गोष्ट ज्याला उमगली त्याला मिश्रणशास्त्राचे निम्मे मर्म कळले, असे म्हणण्यास हरकत नाही.

विजेच्या बाबतीत हे शास्त्र आणखी स्पष्ट बोलते. खळाळत्या प्रवाहात पात्याने घेतलेली शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाशी आणि व्यासाच्या पाचव्या घाताशी प्रमाणात असते, तर त्याने फिरवलेला द्रव फेऱ्यांशी आणि व्यासाच्या घनाशी प्रमाणात असतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, त्याच पात्याची गती दुप्पट केली तर प्रवाह दुप्पट मिळतो, पण वीज आठपट लागते. आणि प्रवाह तेवढाच ठेवून पात्याचा व्यास २० टक्क्यांनी वाढवला व फेऱ्या त्या मानाने कमी केल्या, तर वीज जवळजवळ निम्मी होते. पात्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. सपाट उभ्या पात्यांची चकती वायूचे बुडबुडे फोडण्यास उत्तम, परंतु केवळ द्रव फिरवायचा असेल तर ती शक्तीची उधळपट्टी करते. तेथे कललेली किंवा विमानाच्या पंखासारख्या वळणाची पाती कितीतरी कमी विजेत तेच काम करतात. टाकीच्या भिंतीला उभ्या बसवलेल्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, नसतील तर पातळ द्रव नुसता गोल गरगरतो आणि मिसळत नाही. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज निर्माण करून ती वीजजाळ्याला विकणाऱ्या कारखान्यात प्रत्येक वाचलेले युनिट हे थेट उत्पन्न असते, तरीही जुन्या टाकीवर जुनेच पाते दशकानुदशके फिरत राहते, हे खेदाने नोंदवावे लागते.

दाट पाकाच्या बाबतीत मात्र वरील नियम लागू पडत नाहीत. शेवटच्या प्रतीचा पाक, ज्याला कारखान्यात सी मॅसिक्विट म्हणतात, पॅनमधून क्रिस्टलायझरमध्ये येतो तेव्हा त्यात स्फटिकांबरोबर अतिशय चिकट मोलॅसिस, म्हणजे मळी, असते. ते हळूहळू थंड करत, मिनिटाला एखाद्या फेरीपेक्षाही कमी गतीने फिरवत ठेवले, तर मोलॅसिसमध्ये विरघळलेली साखर आधीच्या स्फटिकांवर चढत जाते. फिरवणे थांबले तर स्फटिक तळाशी बसून पाक घट्ट धरतो. घाईने गार केले तर नवे बारीक कण जन्माला येतात आणि सेंट्रिफ्यूगल यंत्राच्या जाळीतून मोलॅसिसबरोबर निघून जातात. कारखान्यातील साखरेचा सर्वांत मोठा तोटा मोलॅसिसमध्येच होतो. हंगामात ५ लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा ०.१ टक्क्याने जरी सुधारला, तरी ५,००० क्विंटल साखर अधिक मिळते, आणि त्यासाठी एकही अधिक ऊस तोडावा लागत नाही. इथेनॉलच्या मागणीमुळे बी हेवी मोलॅसिस, म्हणजे बरीच साखर शिल्लक असलेली मधल्या टप्प्यातील मळी, किंवा थेट रसही आसवनीकडे वळवला जात असल्याने या तोट्याचे महत्त्व उरले नाही, असा युक्तिवाद केला जातो. तथापि ठरवून वळवलेली साखर आणि नकळत निसटलेली साखर यांत फरक आहे, आणि पहिलीच्या आडोशाने दुसरी लपवणे योग्य नव्हे.

आसवनीचा, म्हणजे मद्यार्क निर्मितीच्या प्रकल्पाचा, प्रश्न अधिक बिकट आहे. एक लिटर मद्यार्कामागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश, म्हणजे गडद तपकिरी रंगाचे, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेले सांडपाणी, निघते. या आकड्यातील तफावत पुष्कळ अंशी किण्वनाच्या टाकीत ठरते. किण्व द्रावणात मद्यार्क ८ टक्के असेल तर एक लिटर मद्यार्कासाठी साडेबारा लिटर द्रावण उकळावे लागते. तेच प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत नेता आले तर सव्वाआठ लिटरच्या आसपास पुरते, म्हणजे पाणी, वाफ आणि सांडपाणी या तिन्हींची एकदम बचत होते. त्यासाठी यीस्टची जात चांगली हवी हे खरेच. परंतु दाट मोलॅसिस टाकीच्या तळाशी न मिसळता पडून राहिले, किंवा उष्णता एका कोपऱ्यात साठली, तर उत्तम यीस्टही तेथे हतबल होते. अशा न फिरणाऱ्या भागाला मृत क्षेत्र म्हणतात.

स्पेंटवॉशपासून बायोगॅस काढणाऱ्या पाचकात हाच दोष वेगळ्या रूपाने येतो. तेथे गाळ साचून आणि वर साय धरून पाचकाचा उपयोगी आकार वर्षागणिक घटत जातो. पण त्यावर उपाय म्हणून अखंड जोराने घुसळणे हेही हानिकारक, कारण आम्ले बनवणारे आणि त्यांपासून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव एकमेकांच्या निकट राहूनच काम करतात आणि जोराच्या घुसळणीत त्यांची ती सोबत मोडते. थांबून थांबून, सावकाश फिरवणे येथे अधिक गुणकारी ठरते.

प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, उसाच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के असतो. त्याचे लांब ढीग घालून त्यांवर बायोगॅस काढून झालेला स्पेंटवॉश फवारायचा आणि एरोटिलर यंत्राने ढीग उलथापालथ करत खत बनवायचे, ही पद्धत महाराष्ट्रातील कारखान्यांत रुळलेली आहे. हेही मिश्रणच आहे, फक्त टाकीविना. ढिगात ओलावा ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आणि हवा भरपूर राहिली, तर खत कसदार होते. एकाच जागी जास्त फवारले तर हवा कोंडते, दुर्गंधी सुटते आणि पाझर जमिनीत उतरतो. म्हणूनच पक्क्या, न पाझरणाऱ्या ओट्याची अट आहे आणि पावसाळ्यात ही क्रिया बंद ठेवावी लागते. काही कारखान्यांनी स्पेंटवॉश आटवून तो बॉयलरमध्ये जाळण्याचा मार्ग पत्करला आहे. त्या राखेत पालाश असते, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोलॅसिसपासून मिळणाऱ्या पालाशाला पोषणद्रव्याधारित अनुदानात स्थान दिले. पालाशयुक्त खतासाठी हा देश आयातीवर अवलंबून असल्याने कालचा सर्वांत त्रासदायक कचरा आज शेताला लागणारे द्रव्य होऊ शकतो. अर्थात राखेचे एकसारखे दाणेदार खत बनवणे हे पुन्हा मिश्रणाचेच काम आहे.

या शास्त्रासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. माटुंग्याच्या, १९३३ साली सुरू झालेल्या आणि आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात प्रा. मनमोहन शर्मा, प्रा. ज्येष्ठराज जोशी आणि प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी यांत्रिक ढवळणी असलेल्या वायू-द्रव पात्रांचा १९८२ साली प्रसिद्ध केलेला आढावा जगभरच्या अभियंत्यांनी आधाराला घेतला. कललेल्या पात्यांवर प्रा. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले काम कमी विजेत जास्त मिश्रण कसे साधावे याच प्रश्नाचे आहे, तर प्रा. पंडित यांनी द्रवात सूक्ष्म पोकळ्या निर्माण करून त्या फुटताना मिळणारी ऊर्जा सांडपाण्यासारख्या प्रश्नांकडे वळवली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या संस्थाही हाकेच्या अंतरावर आहेत. उणीव ज्ञानाची नाही. ते ज्ञान कारखान्याच्या ओव्हरहॉलिंगच्या यादीत उतरण्याची आहे. गाळप संपल्यावरच्या त्या महिन्यांत गिरणीचे रोलर आणि बॉयलरच्या नळ्या कसोशीने तपासल्या जातात, पण ॲजिटेटरची पाती गंजली तर तशीच रंगवून पुन्हा बसवली जातात.

या परिषदेस आलेल्या अभियंत्यांना, रसायनतज्ज्ञांना आणि संचालकांना म्हणून एवढीच विनंती आहे की, येत्या गळीत हंगामापूर्वी आपल्या कारखान्यातील प्रत्येक ढवळणाऱ्या टाकीची नोंद करावी: पात्याचा प्रकार आणि व्यास, मिनिटाला फेऱ्या, मोटार प्रत्यक्ष घेत असलेली वीज, आणि मिठासारख्या निरुपद्रवी पदार्थाची मात्रा टाकून पाण्यावर मोजलेला मिसळण्याचा वेळ. या मोजणीला मोठे भांडवल लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. ती नोंद शेजारच्या कारखान्यापासून लपवू नये, उलट जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती अभ्यासासाठी द्यावी. आणि पुढील परिषदेत निबंधांच्या आधी या नोंदी वाचल्या जाव्यात.