मते मोजण्याआधी मुले मोजू या
(धार व देवास येथील समाजबांधवांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



निवडणूक जवळ आली की आपल्याकडे एकच हिशेब सुरू होतो : मराठी मते किती? उमेदवार गणपतीच्या आरतीला येतो, प्रसाद घेतो, जातो. त्या हिशेबाला माझी हरकत नाही. परंतु अठरा ते पंचवीस वयाची आपली मुले मंडळाच्या कार्यक्रमांना किती येतात, तेही एकदा मोजा. कोजागरीला दूध आटवणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे असतात, हे मी सांगायला नको.

पवारांबरोबर आपले पूर्वज अठराव्या शतकात माळव्यात आले. पगडी गेली, मोडी गेली, घरातली मराठीही अर्धी हिंदी झाली. मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे रूप दिले, तो मल्लखांब माळव्यात असा रुजला की आज तो आपल्या एकट्यांचा उरलेला नाही. अखिल भारतीय मल्लखांब महासंघ 1981 साली उभा राहिला तो पुण्यात नव्हे, आपल्या शेजारच्या उज्जैनमध्ये. 2013 मध्ये मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. मल्लखांबपटूंसाठीच्या राज्य पुरस्काराला प्रभाष जोशींचे नाव आहे. 2020 चा द्रोणाचार्य पुरस्कार उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना मिळाला. आडनाव मराठी नाही, आणि मला त्याचाच अधिक आनंद वाटतो. खंत आहे ती वेगळीच. अढी, दसरंग, फरारा हे शब्द तिथल्या हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी आहेत, आणि आपल्या नातवंडांना त्यांचा अर्थ सांगावा लागतो.

आता कॉलेजकडे वळतो. देवासला पूर्वी थोरली पाती आणि धाकटी पाती होती; आज धार-देवासच्या वाट्याला दोन विद्यापीठे आली आहेत. धारची कॉलेजे इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाकडे, देवासची उज्जैनच्या विद्यापीठाकडे. आपली मुलगी धारहून इंदूरला शिकायला जाते, खोली घेते, आणि पहिले सहा महिने मोबाइलशिवाय तिला कोणी नसते. तिला स्नेहसंमेलनाची पत्रिका पाठवून काय होणार? तीच मुलगी संध्याकाळी दोरीच्या मल्लखांबाला किंवा खो-खोला गेली, तर आठ दिवसांत दहा जणी तिला नावाने हाक मारतात. खो-खोत तर बसलेल्या गड्याला पाठीवर थाप मिळाल्याशिवाय उठताच येत नाही! कॉलेजच्या क्रीडा अधिकाऱ्याकडे नाव द्यायचे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचे, तिथून विद्यापीठाच्या संघाची निवड होते. संघात नाही आली तरी सरावाचे मैदान तिचेच राहते. पालक मात्र पहिल्याच वर्षी सांगतात, "आधी अभ्यास." ते पाठवतात त्या कोचिंग क्लासमध्ये दोनशे मुले एका खोलीत बसतात आणि शेजारच्याचे नाव विचारत नाहीत.

खेळणाऱ्याइतकीच गरज शिकवणाऱ्याची आहे. चंद्रकांत पंडित मुंबईचे. 1999 मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळुरूला रणजी अंतिम सामना हरले. 2022 मध्ये त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी हा चषक मध्य प्रदेशला प्रथमच मिळवून दिला, आणि तोही मुंबईला हरवून. त्यांना आपले म्हणताना इथे कोणी मातृभाषा विचारली नाही. आपल्या समाजात निवृत्त पी.टी. शिक्षक आहेत, जुने खो-खोपटू आहेत, एके काळी विद्यापीठाचा ब्लेझर मिळवलेल्या भगिनी आहेत. तो ब्लेझर कपाटात आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्यांनी मैदानावर यावे, एवढीच विनंती.

काही ज्येष्ठ म्हणतील, वर्ग काढले तर बाहेरचीच मुले जास्त येतील. येऊ द्या. तीनशे वर्षे या गावांत राहून शेजारच्या मोहल्ल्यातले मूल आपल्याला बाहेरचे वाटत असेल, तर मग आपल्याला तरी इथले कोणी का मानावे? शिकवायची भाषा मराठी ठेवा. मुले आठवडाभरात "पाय ताण" आणि "हात सोड" शिकतात.

तेव्हा या वेळी दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे, पक्ष कोणताही असो, तीन गोष्टी मागाव्यात. दोन्ही गावांत सरावाला पक्की, छप्पर असलेली जागा. सरकारी कॉलेजात क्रीडा अधिकाऱ्याचे पद रिकामे न ठेवणे. आणि मुलींना संध्याकाळी सुरक्षित परतता येईल असे दिवे व बस. उत्तर लेखी घ्यावे आणि ते याच पत्रकात छापावे.

मंडळाने आपल्या वाट्याचे काम उमेदवारांची वाट न पाहता करावे. एक सागवानी खांब, दोरी, गाद्या आणि एरंडेल तेल, याला लाखो रुपये लागत नाहीत. एका वर्षीच्या मांडवाची रोषणाई निम्मी केली तरी भागेल. शिकवायला तयार असणाऱ्यांसाठी वही मागे टेबलावर ठेवली आहे. जेवणाआधी त्यात नावे लिहावीत, जेवणानंतर कोणी थांबत नाही.