घरच्या बोर्डात यूएसबी पॉइंट बसवताना



आज पिकाविषयी बोलायचे नाही, घरातल्या भिंतीवरच्या बोर्डाविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, शेतीच्या कार्यक्रमात हे कशाला? पण मंडळी, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेऱ्याची नोंद मोबाइलवर आली. बाजारभाव मोबाइलवर बघता, कित्येकांची मोटारसुद्धा मोबाइलवरून चालू-बंद होते. म्हणजे मोबाइल हे आता शेतीचे अवजारच झाले. बैलाला जशी वैरण, तशी त्याला रोज वीज लागते.

ही वीज देण्यासाठी आता सॉकेटशेजारीच यूएसबीची खाच असलेले पॉइंट मिळतात. वेगळा चार्जर नको, वायर खोचली की काम झाले. सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वरून दिसते ती खाच, आत मात्र एक पुरते यंत्र आहे.

साध्या सॉकेटमध्ये पितळेच्या पट्ट्यांखेरीज काही नसते. बटण बंद केले की ते मुके. यूएसबीच्या खाचेमागे मात्र २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारे सर्किट असते आणि त्यात काड्यापेटीहून लहान ट्रान्सफॉर्मर. त्याच्या एका अंगाला जीव घेणारी वीज, दुसऱ्या अंगाला तुमच्या हातातला मोबाइल, आणि मधे काय? तर वीज अडवणारा पातळसा थर. चांगल्या मालात हा थर आणि आतले अंतर नीट राखलेले असते. हलक्या मालात पैसे नेमके तिथेच वाचवलेले असतात. तो थर फुटला की २३० व्होल्ट वायरीतून थेट मोबाइलपर्यंत येऊ शकतात. म्हणून रस्त्यावरच्या पाटीतला स्वस्त पॉइंट घेऊ नये. सॉकेटवर आयएसआय मार्क असावा, कंपनीचे नाव, व्होल्ट आणि यूएसबीचे अँपिअर मालावरच छापलेले असावेत, आणि दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे.

आता माझीच एक चूक सांगतो. वायरिंगच्या कामात माझी निम्मी हयात गेली, पण दुसऱ्याच्या घरी जे करू दिले नसते ते मी स्वतःच्या मळ्यात केले. विहिरीवर मोबाइल चार्ज करायला पॉइंट हवा होता. स्टार्टरच्या पेटीत तिन्ही फेज होते, पण न्यूट्रल नव्हता. दोन फेज जोडले तर ४१५ व्होल्ट जाऊन पॉइंट जळणार, एवढे मला कळत होते. मग काय केले, एक फेज घेतला आणि न्यूट्रलच्या जागी पेटीच्या अर्थिंगची तार जोडली. मोबाइल झकास चार्ज होऊ लागला. दोन पावसाळे काही झाले नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात अर्थिंगची तार खड्ड्यापाशी गंजून तुटली. मोबाइलला जाऊन परत येणाऱ्या विजेला जमिनीत उतरायची वाट राहिली नाही, ती पेटीच्या पत्र्यावर येऊन थांबली. पहाटे पाणी द्यायला गेलो, मोटार बंदच होती, आणि पेटीला हात लावताच मागे फेकला गेलो. पायात रबरी चपला होत्या म्हणून आज बोलतोय. माझ्या थोडं आधी पुतण्या तिकडे निघाला होता, अनवाणी.

तेव्हा अर्थिंगला न्यूट्रल करणे, ही युक्ती कुणी कितीही कौतुकाने सांगितली तरी करू नका. स्टार्टरच्या पेटीतूनही पॉइंट काढू नका. आणि ज्यांनी सौर पंप बसवला आहे त्यांनी पॅनेलच्या तारेला हात घालू नये. तिथली वीज घरच्या विजेपेक्षा निराळी असते, ओळीने जोडलेल्या पॅनेलचा दाब शे-दोनशे व्होल्टच्या पुढे जातो, आणि तार ओढली तर ठिणगी लवकर विझत नाही.

घरात पॉइंट बसवायचा तर परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. पण शेजारी उभे राहून बघावे. आपल्या घरचं काम आहे, विचारायला लाजू नये. पहिले म्हणजे मेन स्विच बंद. घरी इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, कारण मेन पाडला तरी इन्व्हर्टर त्या बोर्डात वीज पाठवत राहतो आणि माणूस गाफील राहतो. मग टेस्टर लावायचा, पण मेन पाडण्याआधी तोच टेस्टर चालू पॉइंटला लावून तो पेटतो की नाही हे बघून ठेवायचे. मेलेला टेस्टर सगळंच मेलेलं दाखवतो. जुन्या घरात लाल तार फेज आणि काळी न्यूट्रल असेलच याचा भरवसा धरू नये.

फेज बटणातून यावा, आणि ते बटण सॉकेटबरोबर यूएसबीलाही बंद करणारे हवे. काही ठिकाणी यूएसबी थेट जोडून देतात, मग ते बारा महिने चोवीस तास चालूच. बिलाची गोष्ट नाही ही. रिकामी खाच वर्षाला जेमतेम दोनेक युनिट खाईल. मोबाइलचे म्हणाल तर एका युनिटात चाळीसेक वेळा चार्ज होईल. खरी गोष्ट अशी, की डीपीवर न्यूट्रल तुटला की काही घरांत २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टसुद्धा जातात, आणि जे यंत्र चालू असेल ते जळते. घरातला एखादा दिवा एकदम लख्ख आणि शेजारी मिणमिणता दिसला, तर बघत बसू नका. मेन पाडा आणि लाइनमनला कळवा.

सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला अर्थिंग जोडलेच पाहिजे. नुसते भोक आहे म्हणून अर्थिंग आहे असे समजू नये. तारांचे स्क्रू घट्ट आवळलेले हवेत, ढिला स्क्रू तापतो आणि बोर्ड काळा पडतो. मेनपाशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेता आली तर तिच्यावर खर्च करावा, पॉइंट दोन कमी झाले तरी चालतील. वीज माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाऊ लागली की ती क्षणात लाइन तोडते. तिच्यावरचे टेस्टचे बटण मधूनमधून दाबून बघावे. आणि वायरमन मेगरने वायरिंग तपासणार असेल तर यूएसबीच्या तारा आधी सोडायला सांगा, नाहीतर नवा पॉइंट तपासणीतच जायचा.

जागा कुठली? चुलीपाशी नको, मोरीपाशी नको, माठाच्या वर तर नकोच. गोठ्यात बसवू नका, गोमूत्राच्या वाफेने आतले पितळ हिरवे पडते. खताच्या पोत्यांच्या खोलीतही तेच. कडबा, कापूस जिथे रचता ती भिंत सोडा. जमिनीपासून चार-पाच फुटांवर, लेकरांचा हात पोचणार नाही असा पॉइंट घ्या आणि खाली मोबाइल ठेवायला छोटी फळी ठोका. वायरीला लोंबकळणारा मोबाइल खाच ढिली करतो.

खाचेला झाकण असलेला पॉइंट मिळाला तर तोच घ्या. आमच्याकडे कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात चिखलाचे घर बांधते, तुमच्याकडेही बांधत असेल. ते काढायला सुई, काडी, तार घालू नये. मेन बंद करून कोरड्या मऊ ब्रशने झाडावे.

वापरताना एक शंका हमखास विचारतात, की दोन मोबाइल लावले की हळू का चार्ज होतात? पॉइंटवर २.१ अँपिअर असे एकत्र लिहिले असेल तर तेवढीच वीज दोघांत वाटली जाते, एका पाटाचे पाणी दोन वाफ्यांना सोडावे तसे. बिघाड नाही तो. जलद चार्जिंगचा मोबाइलही तिथे सावकाश भरू शकतो. रात्रीच्या पाण्याला लागणारी डोक्याची बॅटरी यूएसबीवर चालते. फवारणीच्या बॅटरी पंपाला मात्र त्याचाच चार्जर लावावा, त्याची बॅटरी १२ व्होल्टची असते, ५ व्होल्टने ती भरत नाही.

ओल्या हाताने वायर खोचू नये. चार्जिंगला लावून कानाला मोबाइल धरू नये. पॉइंट हाताला कोमट लागला तर चालेल, चटका बसला किंवा जळका वास आला तर बटण बंद करून तो बदलून टाकावा. दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये.

शेवटची गोष्ट विजांची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले दामिनी अॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते, ते मोबाइलवर असू द्या. पण आभाळ गडगडू लागल्यावर मोबाइल चार्जिंगला लावू नका, लावला असेल तर आधीच काढून घ्या. मृगाच्या पावसात आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग जमतात, म्हणून त्या दिवसांत सकाळीच मोबाइल भरून ठेवावा. आणि रोहिणी नक्षत्र लागायच्या आत वायरमनला एकदा बोलावून बोर्डाचे स्क्रू आवळून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यापाशी तार शाबूत आहे का ते स्वतः वाकून बघा.

राम राम.