कुलूपबंद पुस्तक आणि वाचकाचा हक्क

छापील पुस्तक विकत घेणारा त्या प्रतीचा धनी होतो. ती त्याला मित्राला देता येते, ग्रंथालयाला दान करता येते, विकताही येते. दिल्लीतील दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार याच हक्कावर वर्षानुवर्षे चालत आला. इलेक्ट्रॉनिक पुस्तकाची गोष्ट निराळी आहे. त्याला पुष्कळदा एक अदृश्य कुलूप असते. पुस्तक कोणत्या यंत्रावर वाचावे, त्यातील किती मजकूर उतरवून घ्यावा, हे ते कुलूप ठरवते.

२०१२ साली संसदेने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ घातले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. मात्र कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कामासाठी ते उघडण्याची मुभा राहिली. त्याच दुरुस्तीने अपंगांसाठी सुलभ प्रती तयार करण्याची सवलतही दिली. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, अध्यापनाच्या गरजेपुरत्या छायाप्रती काढता येतात, असे मानले.

परंतु छायाप्रतीला कागद पुरतो. कुलूपबंद पुस्तकाला किल्ली लागते, आणि ती द्यावी असे बंधन या कलमाने विक्रेत्यावर घातलेले नाही. दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने मात्र त्याचे नाव, पत्ता व तपशील नोंदवून ठेवायचा आहे. अशा पुस्तकापुढे अंध वाचकाचे बोलके यंत्र मुके होऊ शकते. ज्याला कुलूप उघडण्याची विद्या अवगत नाही, त्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकातच राहतो.