डोळा, सुई आणि कॅमेरा



चैत्राच्या या उकाड्यात, हातपंखे घेऊन बसलेल्या मंडळींपुढे बर्फाच्या मुलखातल्या गोष्टी सांगावयाच्या, हा चालकांचा बेत मोठा धूर्तपणाचा आहे. ऐकताना तरी थोडे गार वाटेल असा त्यांचा हिशेब असावा. फलकावर विषय लिहिला आहे ‘उत्तर ध्रुवप्रकाशाची छायाचित्रे’, आणि समोर पडदाही लावलेला आहे. चित्रे मी दाखविणारच आहे. पण त्याआधी एका वादाची हकीकत आपल्या कानांवर घालावयाची आहे. कारण तो वाद ऐकल्यावाचून ही चित्रे पाहिलीत तर तुमचा गैरसमज होण्याचा संभव आहे.

आम्ही चौघे मित्र २०२५ च्या फेब्रुवारीत नॉर्वे देशातल्या ट्रॉम्सो या गावी गेलो होतो. सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि ओसरतात. त्यांचा भर २०२४ च्या सुमारास आला होता, म्हणून ते वर्ष आम्ही साधले. चौघांत एक औषधांचे दुकानदार, एक शेतकरी, एक सेवानिवृत्त ड्रॉइंगमास्तर आणि चौथा मी. शेतकरी मित्राला मधल्या एका हंगामात अद्रकीने चांगला हात दिला होता. मास्तरांनी मात्र पेन्शनीतून पाच वर्षे पैसे बाजूला टाकले होते, ही गोष्ट लक्षात ठेवा. प्रवासाचे वर्णन मी करीत नाही. विमानतळांची वर्णने सर्वत्र सारखीच असतात आणि ती ऐकून कोणाचेही भले झालेले नाही.

पिशोरहून रात्री ध्रुवतारा पाहावयाचा तर हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी मोजाव्यात. तिथे तो सापडतो, कारण आपण विसाव्या अक्षांशाच्या जरा वर आहोत. ट्रॉम्सो सत्तराव्या अक्षांशाजवळ आहे. तिथे ध्रुवतारा पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते, टोपी पडते. सप्तर्षी मावळतच नाहीत. लोकमान्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ध्रुवाकडच्या दीर्घ उषेची चर्चा केली, ती तो मुलूख न पाहता, पुस्तकांच्या आधारे. त्यांचा सिद्धांत पुढे विद्वानांना मान्य झाला नाही. तरी त्या आकाशाखाली उभे राहिल्यावर त्या उषेने त्यांना का भुरळ घातली असेल हे समजते.

पहिल्या रात्री आम्ही गावाच्या दिव्यांपासून दूर, शेजारच्या क्वालोया बेटाच्या किनाऱ्यावर उभे राहिलो. कॅमेरा तिपाईवर ठेवला. थंडीने बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या बंडीच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवल्या. एका ताऱ्यावर हाताने भिंग जुळविले आणि वाट पाहत बसलो. नऊच्या सुमारास उत्तरेला एक राखट पट्टा दिसू लागला. ढगच म्हणाना! दुकानदार मित्राने दहा सेकंद कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून चित्र घेतले. मागच्या लहान पडद्यावर जे उमटले ते पोपटाच्या पंखासारखे हिरवेगार होते. तिघे आनंदाने ओरडलो. मास्तरांनी एकदा आकाशाकडे पाहिले, एकदा पडद्याकडे पाहिले, आणि म्हणाले, “हे खोटे आहे.”

मित्रहो, हा माणूस चाळीस वर्षे मुलांना सांगत आला की, दिसते ते काढा, माहीत असलेले काढू नका. पाच वर्षांची पुंजी खर्चून तो पृथ्वीच्या टोकाला आला आणि त्याला राखी ढग दिसला. “घरी गेल्यावर आई विचारील, काय पाहिलेस? तिला मी काय सांगू? यंत्राने पाहिले, मी नाही?” या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळ त्या वेळी उत्तर नव्हते.

उत्तर डोळ्याच्या घडणीत आहे. अंधारात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निजतात आणि ज्या जाग्या राहतात त्यांना केवळ उजेड-काळोख कळतो. त्यातही तांबड्या रंगाला त्या जवळपास आंधळ्याच आहेत. आज घरी गेल्यावर नको, उद्या तिन्हीसांजेला परसातल्या जास्वंदीकडे पाहा. भर दुपारी पानांपेक्षा उठून दिसणारे फूल दिवस कलला की आधी काळे पडते. पाने त्यानंतरही दिसत राहतात. फूल बदललेले नसते. डोळ्याने एक कारभारी घरी पाठवून दुसरा बसविलेला असतो.

कॅमेऱ्याचे तसे नाही. गळक्या छपराखाली भांडे ठेवावे तसा तो प्रकाश साठवितो. डोळ्याचे भांडे सेकंदात अनेकदा रिते होते. कॅमेऱ्याचे दहा सेकंद तसेच राहते. थेंबे थेंबे तळे साचते आणि मुळात असलेला हिरवा रंग दिसण्याइतका गडद होतो. तो रंग कोणी भरलेला नसतो. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर प्राणवायूच्या अणूंवर सूर्याकडून आलेल्या ऊर्जेने वेगवान झालेले इलेक्ट्रॉन आदळतात, आणि दुकानाच्या पाटीवरील नळीतला वायू जसा उजळतो तसे ते अणू उजळतात. दोनशे किलोमीटरांच्या वर तोच प्राणवायू तांबडा प्रकाश देतो. हा तांबडा प्रकाश द्यावयाला अणूला दीड-दोन मिनिटे निवांतपणा लागतो. खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात त्याला दुसऱ्या कोणाचा तरी धक्का लागतोच. यात्रेच्या गर्दीत उभ्याने डुलकी कशी लागणार, तसलाच प्रकार.

मास्तरांना हे पटले, पण समाधान झाले नाही. मग त्या रात्री मुक्कामावर चहा घेताना मी त्यांना आपल्या मुंबईची गोष्ट सांगितली. ती आज तुम्हांलाही सांगतो. डोळ्याने पाहिलेच नाही, तरी साक्ष खरी, असा प्रसंग आपल्याच महाराष्ट्रात घडलेला आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. टांगलेल्या चुंबकाचे हेलकावे माणसे दर तासाला डोळ्यांनी वाचून वहीत लिहीत. गडबड दिसली की पंधरा मिनिटांनी, अगदीच कहर झाला तर पाच मिनिटांनी. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन या ज्योतिर्विदाने सूर्याच्या डागांवर एकाएकी लखलखाट झालेला पाहिला. सुमारे साडेसतरा तासांत त्याची लाट पृथ्वीवर आली. युरोपातल्या कित्येक यंत्रांची सुई मापाबाहेर गेली आणि नोंद तुटली. कुलाब्याला २ सप्टेंबरच्या दिवसाढवळ्या चुंबकत्वाचे आडवे बल एकदम सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी कोसळलेले नोंदले गेले. ही नोंद करणाऱ्यांना आकाशात काहीच दिसले नाही. वही तशीच राहिली. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधक आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी ती उघडून त्या वादळाचे माप जगापुढे ठेवले. पाच-पाच मिनिटांनी सुईपुढे वाकून आकडा लिहिणाऱ्या त्या माणसांना मी तरी वंदन करतो.

पुढे ही सुई स्वतःच फोटोच्या कागदावर रेघ उमटवू लागली. आणि मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुई बावचळेल म्हणून, कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तिथे पोरबंदरी दगडाच्या, लोखंड वर्ज्य केलेल्या इमारतीत १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या आणि आजही चालू आहेत. एका सुईला शांतता मिळावी म्हणून समुद्र ओलांडून बिऱ्हाड हलविणारे लोक आपल्याकडे होते, हे आपण विसरतो.

आता डोळ्याची पाळी. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री मुंबईच्या लोकांनी साक्षात ध्रुवप्रकाश पाहिला. दोन दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियात बातमी आली, तिच्यात पहाटे तीनच्या सुमारास गडद जांभळा झालेला रंग आहे आणि मुंबई-एडन समुद्रतारेत आलेला बिघाड आहे. चुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने मुंबईचा अक्षांश जेमतेम दहा! जगात इतक्या दक्षिणेला दिसल्याच्या नोंदी फार थोड्या आहेत.

येथे माझ्या शेतकरी मित्राने एक प्रश्न केला, तो मला फार आवडला. तो म्हणाला, “मुंबईला दिसले, तर पिशोरला का दिसले नसेल? आपण तर मुंबईच्या वर आहोत.” बरोबर आहे. तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, येथे वर्तमानपत्र नव्हते, तारघर नव्हते. आकाश निरभ्र असेल तर त्या रात्री आपल्या उत्तरेच्या डोंगरावर तांबूस उजेड चढलेला असणार. पौष सरत आलेला, गवत वाळलेले. राखणीला बसलेल्या एखाद्याने तो पाहिला असेल आणि ‘डोंगराला वणवा लागला’ म्हणून कूस बदलली असेल. त्याला हसू नका. रोमन बादशहा टायबेरियसच्या काळी अशाच उजेडाने ऑस्टिया बंदर पेटले असे वाटून सैन्याच्या तुकड्या विझवायला धावल्या, असे सेनेका लिहून गेला आहे. आपला गडी निदान अंथरुणावरून उठला नाही.

तिसरी साक्ष कॅमेऱ्याची. १० मे २०२४ च्या रात्री, वीस वर्षांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले. लडाखात हानले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथे सबंध आकाश टिपणारे कॅमेरे रात्रभर जागे असतात. मध्यरात्रीनंतर त्यांत उत्तर क्षितिजावर तांबडी लाली उमटली. तांबडीच का? प्रकाश फार दूर, उत्तरेला होता. पृथ्वीच्या गोलाईआड त्याचा हिरवा पायथा बुडाला आणि उंचावरची लाल शेंडी तेवढी वर राहिली. चारशे किलोमीटर उंचीवरची वस्तू सव्वादोन हजार किलोमीटर दुरून क्षितिजाला टेकलेली दिसू शकते. आणि तांबड्याला आपला डोळा अंधारात आंधळा, म्हणून कॅमेऱ्याला जे ठळक, ते माणसाला जेमतेम. हानलेचा परिसर डिसेंबर २०२२ मध्ये राखीव काळोखाचे क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे. तिथले गावकरी खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिव्यांना टोप्या घालतात. गावाच्या विकासाची आपली कल्पना मात्र चौकात उंच दिवा, अशीच अजून आहे, असो.

म्हणजे १८५९ ला सुईने पाहिले, डोळ्याने नाही. १८७२ ला डोळ्याने पाहिले. २०२४ ला कॅमेऱ्याने पाहिले, डोळ्याने अर्धेमुर्धे. मास्तर हे सगळे ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, “मग साक्षीदार कोण, ते लिहिले पाहिजे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातून एक वही विकत आणली.

ती रात्र ढगांनी घेतली. खोलीत बसून मी त्यांना नॉर्वेच्याच श्टर्मर या गणितज्ञाची हकीकत सांगितली. ध्रुवप्रकाशाचे पहिले छायाचित्र १८९२ मध्ये ब्रेंडेल आणि बाशिन या जर्मन जोडीने घेतले होते. श्टर्मर तरुणपणी बंडीखाली कॅमेरा लपवून राजधानीच्या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फोटो काढीत असे. तो पुढे या उद्योगाला लागला. १९१० साली तो आणि त्याचा सहकारी चार-साडेचार किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे घेऊन उभे राहिले, मधे टेलिफोनची तार. एकाने “आता!” म्हणताच दोघांनी एकाच क्षणी चित्र घ्यावयाचे. अंगठा डोळ्यांपुढे धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला तर अंगठा मागच्या भिंतीवर सरकतो. तसा दोन चित्रांत प्रकाश ताऱ्यांवरून सरकलेला दिसे. त्यावरून उंची निघाली: शंभर किलोमीटर आणि वर. त्या काळी कोणी तो ढगांच्या उंचीवर मानी, कोणी त्याच्या कितीतरी वर. वाद दोन मित्रांनी थंडीत उभे राहून मिटविला.

तिसऱ्या रात्री आकाश उघडले. साडेदहापर्यंत तोच राखट पट्टा. मग तो डोक्यावर आला आणि पेटला. डोळ्याला हिरवा दिसला, होय, साध्या उघड्या डोळ्याला. प्रकाश पुरेसा वाढला की निजलेले कारभारी जागे होतात. पडद्याच्या चुण्या पूर्वेकडून पश्चिमेकडे धावत होत्या, खालच्या काठाला गुलाबी किनार, बर्फावर आमच्या सावल्या. आणि गंमत पाहा, दुकानदार मित्राच्या दहा सेकंदांच्या चित्रात या सगळ्याचे दही झाले! भांडे भरून वाहिले, चुण्या एकमेकींत मिसळल्या. त्याने झडप दोन सेकंदांवर आणली, तेव्हा थोडे जमले. पण धावणे काही चित्रात येईना. मास्तर कॅमेऱ्याजवळ गेलेच नाहीत. हातमोजा काढून पेन्सिलीने लिहीत होते: वेळ, दिशा, शर्मिष्ठेपासून किती बोटे, रंग. बोटे बधिर झाली तेव्हा शेतकरी मित्राने त्यांच्या हातून वही घेतली, आणि ते सांगतील तसे लिहून घेतले. ती वही आमच्या सहलीची सर्वांत मोलाची वस्तू आहे, असे माझे मत आहे; दुकानदार मित्राचे नाही.

परत आल्यावर मास्तरांच्या आईने विचारलेच. मास्तरांनी आधी वही वाचून दाखविली, मग चित्रे दाखविली. म्हातारी म्हणाली, “दोन्ही ठेव.”

तेव्हा आता मंडपातले दिवे मालवावेत, अशी चालकांना विनंती आहे. रस्त्यावरचा दिवा आपल्या हाती नसल्याने पडदा थोडा फिकट राहील. प्रत्येक चित्राखाली मास्तरांच्या अक्षरात दोन ओळी आहेत, त्या मी मोठ्याने वाचीन. पहिले चित्र पहिल्या रात्रीचे, वेळ सव्वानऊ. कॅमेऱ्यास: हिरवी कमान, डावीकडून उजवीकडे. डोळ्यास: राखी ढग, जागचा हलत नाही.