रंग लावण्याआधी खांबाला विचारा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात, इथेच लहानाची मोठी झालेल्या एका स्थापत्य अभियंता तरुणीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला विषय दिला आहे ‘सिव्हिल इंजिनिअरिंगमधलं नवं तंत्रज्ञान आणि विद्यार्थ्यांची व्यावसायिक प्रगती’. विषय ऐकून आई म्हणाली, "दहा मिनिटांत आटप, मागे पुलाव थंड होतो." तेव्हा मी थोडक्यातच बोलणार आहे. आणि जे बोलणार आहे ते लांबचं नाही, आपल्या बोईसरचं आणि आपल्या स्टिल्टमधल्या एका खांबाचं आहे.

आपण राहतो तो पट्टा सिव्हिल इंजिनिअरिंगसाठी एक शाळाच आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट्स १९६९ साली सुरू झाली. त्या काळातले इंजिनिअर ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढायचे आणि स्लाइड रूलवर हिशेब करायचे. आज त्याच परिसरात मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं काम चालू आहे. एकूण ५०८ किलोमीटरचा मार्ग, त्यातले सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, आणि एक स्टेशन आपल्या बोईसरला. या मार्गावर ४० मीटर लांबीचा आणि सुमारे ९७० टन वजनाचा अख्खा गर्डर एकाच वेळी उचलून खांबांवर ठेवतात. पूर्वी असा पूल तुकड्यातुकड्याने जोडत न्यायला लागायचा.

आपल्या पालघर जिल्ह्यात याच मार्गासाठी डोंगरातून सात बोगदे आहेत. ते ज्या पद्धतीने खोदतात तिला न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड म्हणतात. सुरुंग लावायचा, थोडं पुढे जायचं, लगेच आतून काँक्रीट फवारायचं, खडकात बोल्ट मारायचे, आणि मग थांबून मोजायचं: डोंगर किती हलला? भिंती किती आत सरकल्या? त्या मोजणीवर पुढचा आधार किती द्यायचा ते ठरतं. म्हणजे एवढी यंत्रं असूनही कामाचा गाभा काय, तर खडकाकडे बघणं आणि त्याचं ऐकणं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

मोठ्या प्रकल्पांबद्दल तुम्ही पेपरात वाचताच. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. बेंगळुरूला तर २०२३ मध्ये थ्रीडी प्रिंटिंगने पोस्ट ऑफिस उभं राहिलं. यंत्राने थरावर थर काँक्रीट सोडत गेलं आणि भिंत तयार! ऐकून गंमत वाटते ना? पण मला आज त्याहून साधी गोष्ट सांगायची आहे.

ए विंगच्या स्टिल्टमध्ये, मीटर रूमच्या बाजूला एक खांब आहे. आमच्या पिढीला तो चांगला माहीत आहे. तो आमचा स्टंप होता. कोळशाने तीन रेघा मारायच्या आणि बॉल लागला की आउट. मे महिन्यात दुपारी जोशात आलो की वरून कोणीतरी काकू ओरडायच्या. (हशा) गेल्या दिवाळीत घरी आले तेव्हा सहज त्या खांबाशी उभी राहिले. रेघा केव्हाच गेल्या. पण त्याच जागी एक उभी भेग दिसली, जमिनीपासून साधारण माझ्या कमरेपर्यंत. कोणीतरी त्यावर सिमेंट फासलं होतं, आणि त्या सिमेंटलाही भेग पडली होती. बोटाच्या गाठीने ठोकून पाहिलं. आवाज बद्द आला.

उभी भेग, सळईच्या रेषेत, आणि बद्द आवाज. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: आत सळई गंजते आहे. नवीन काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो, आणि त्यामुळे आतलं लोखंड सुरक्षित राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो आणि तो पीएच नऊच्याही खाली आणतो. मग ओल मिळाली की गंज सुरू. आपल्याकडे त्यात समुद्राचा खारा वारा आणि चार महिने पालघरचा पाऊस. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. ती जागा मिळत नाही म्हणून तो काँक्रीटला बाहेर ढकलतो. भेग वरून आत गेलेली नसते, आतून बाहेर आलेली असते. म्हणून वरून सिमेंट फासून काही होत नाही.

आता माझी फजिती सांगते, कारण विद्यार्थ्यांना त्यातच शिकायला मिळेल. मी नवीन नवीन नोकरीला लागले तेव्हा एका जुन्या इमारतीच्या तपासणीला गेले होते. हातात रिबाउंड हॅमर होता. स्प्रिंगचं एक छोटं यंत्र असतं ते; काँक्रीटवर दाबलं की ठोका बसतो, आणि तो किती उसळून परत येतो त्यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. माझे आकडे मस्त येत होते. मी खूश. सरांना म्हटलं, "सर, इमारत एकदम तंदुरुस्त आहे!" सर काही बोलले नाहीत. त्यांनी खांबाचा एक कोपरा थोडा फोडायला लावला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनची बाटली फवारली. काँक्रीट चांगलं असेल तर ते गडद गुलाबी होतं. इथे रंगच आला नाही, थेट सळईपर्यंत. मग सर म्हणाले, "कार्बोनेशन झालं की वरचा थर कठीण होतो. तुझा हॅमर त्या कडकपणाला ताकद समजला."

यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं होतं. चूक माझी होती, मी एकाच आकड्यावर निकाल देऊन टाकला. म्हणून चांगल्या तपासणीत चार-पाच गोष्टी एकत्र बघतात. अल्ट्रासोनिक लहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते त्यावरून आत पोकळी आहे का ते कळतं. हाफ-सेल चाचणीत विजेच्या दाबावरून सळई गंजण्याची शक्यता किती ते समजतं. कव्हर मीटर भिंत न फोडता सळई किती आत आहे ते दाखवतो. शंका राहिलीच तर कोअर काढून लॅबमध्ये दाबून बघतात. हल्ली थर्मल कॅमेऱ्याने गळतीचा माग काढता येतो आणि ड्रोनने बाहेरच्या भिंती परातीशिवाय तपासता येतात. हे सगळं आता दूरचं राहिलेलं नाही.

दुसरी फजिती कॉम्प्युटरची. बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल मी केलं होतं. पाइप कुठे बीमला आडवा येतो का, सगळं सॉफ्टवेअरने तपासलेलं. साइटवर सळई बांधणारा फिटर मला बीम आणि खांबाच्या जोडाकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "मॅडम, यात माझं बोट जात नाही, वीस एमएमची खडी कशी जाणार?" खरंच जात नव्हतं. तसंच काँक्रीट ओतलं असतं तर आत पोकळ्या राहिल्या असत्या, आणि वरून प्लास्टर सुंदर दिसलं असतं. त्या फिटरने इंजिनिअरिंगचं पुस्तक उघडलं नव्हतं. पण त्या दिवशी माझा मास्तर तो होता.

म्हणून आपल्या सोसायटीतली जी मुलं-मुली डिप्लोमा किंवा डिग्री करताहेत, पालघरच्या, बोईसरच्या कॉलेजात आहेत, रोज डहाणू लोकल पकडून लांब जाताहेत, त्यांना मोठी ताई म्हणून चार गोष्टी सांगते. सॉफ्टवेअर शिकाच, त्याशिवाय आज नोकरी नाही. पण त्याबरोबर महिन्यातून एकदा तरी एखाद्या साइटवर परवानगी घेऊन उभे राहा. स्लम्प कोन स्वतः भरा. क्यूब स्वतः टाका आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो फुटताना बघा. एक वही ठेवा आणि त्यात चुका लिहा, दुसऱ्याच्याही आणि स्वतःच्याही. मिस्त्री, फिटर, सेंटरिंगवाले यांना प्रश्न विचारायला लाजू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक दिवस तुमच्या सहीने कोणीतरी निर्धास्त झोपणार आहे. ती सही स्वस्त करू नका.

आता परत खांबाकडे येते. कमिटीने रौप्यमहोत्सवासाठी संपूर्ण इमारतीला रंग द्यायचं ठरवलं आहे, असं मला कळलं. आनंदच आहे. पंचवीस वर्षांत सगळ्यांनी किती कष्टाने हप्ते भरले ते मी घरात पाहिलं आहे. पण माझी हात जोडून विनंती आहे, रंगाआधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. आपल्या आदर्श उपविधींतच लिहिलं आहे: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी ऑडिट, आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. रंग आधी लावला तर भेगा झाकल्या जातील, आणि मग दुरुस्तीसाठी तोच रंग फोडावा लागेल. दोनदा खर्च.

मी कोणाला घाबरवत नाही. एक खांब बद्द वाजला म्हणून इमारत पडत नाही. लवकर लक्षात आलं तर दुरुस्ती साधी असते: सैल काँक्रीट काढायचं, सळई स्वच्छ करून प्रायमर लावायचा, गरज असेल तिथे नवी सळई जोडायची, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीटने भरायचं. उशीर झाला की खर्च वाढत जातो. आणि खर्चापलीकडचंही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारला एका इमारतीचा भाग कोसळून १७ माणसं गेली. ती इमारत अनधिकृत होती, आपली तशी नाही, त्यामुळे तुलना करू नये. पण ती आपल्या सोसायटीपेक्षा वयाने लहान होती, एवढं मला विसरता येत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास, जे भूकंपाचे धक्के बसत राहिले ते आपल्यालाही ठाऊक आहेत. धरणीने आपल्याला आधीच टोकलं आहे.

एक गमतीचा योग सांगते. भारतात काँक्रीटची कामं ज्या पुस्तकाप्रमाणे होतात ते आयएस ४५६ शेवटचं मोठं सुधारून आलं ते २००० साली. म्हणजे ते पुस्तक आणि आपली सोसायटी साधारण एका वयाची. त्या आवृत्तीत टिकाऊपणावर खास भर दिला आहे: किनाऱ्याजवळ सळईवर काँक्रीटचं कव्हर किती जाड हवं, हे त्यात स्पष्ट आहे. आपल्या खांबांत ते किती आहे ते मला माहीत नाही. अंदाजाने सांगायचंही नाही. मोजायचं आहे.

आणि हे ऑडिट करताना आपल्या मुलांना बरोबर घ्या. अहवाल अधिकृत इंजिनिअरच देईल, सही त्याचीच. पण कॉलेजातल्या दोघा-तिघांना त्याच्या मागे वही घेऊन फिरू द्या. प्रत्येक भेगेचा फोटो, जागा, तारीख त्यांनी नोंदवावी. पुढच्या ऑडिटला ती वही सोन्यासारखी उपयोगी पडेल. मी रविवारी येत जाईन, फी नाही, चहा मात्र लागेल.

मघाशी म्हटलं होतं ना, बोगदा खोदताना डोंगराचं ऐकावं लागतं? आपला डोंगर म्हणजे हा खांब. त्याने पंचवीस वर्षं आपल्याला डोक्यावर घेतलं, आमचे बॉलही सोसले. आता तो काही सांगतो आहे. आधी त्याचं ऐकू, मग त्याला आवडेल तो रंग देऊ.

आईचा पुलाव थंड झाला असेल तर मला माफ करा.