फोन लागला, पुढे काय?

शांतिसेना आणि तंत्रज्ञान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ड्रोन येत असेल. तेही आहे. डिसेंबर २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने पूर्व काँगोतल्या गोमाहून पहिल्यांदा नि:शस्त्र ड्रोन उडवलं. पण मी आज बोलणार आहे साध्या मोबाइलबद्दल.

गोमाच्या पश्चिमेला वालिकाले नावाचा जंगलपट्टा आहे. ३० जुलै ते २ ऑगस्ट २०१० या चार दिवसांत सशस्त्र टोळ्यांनी तिथल्या १३ गावांवर हल्ले केले. किमान ३८७ जणांवर बलात्कार झाल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत पुढे आलं. शांतिसैनिकांचा तळ होता जेमतेम ३० किलोमीटरवर, आणि त्या तळावर आपले भारतीय जवान होते. पण त्या भागात मोबाइलला रेंजच नव्हती. वेळेत खबर पोचली नाही.

त्यानंतर गावागावांतल्या विश्वासातल्या माणसांकडे फोन आणि रिचार्ज देण्याचं काम वाढलं. रेंज नाही तिथे रेडिओ संच. आणि तळावर नेमली काँगोचीच माणसं. कारण फोन उचलणाऱ्याला समोरच्याची भाषाच कळत नसेल, तर तो फोन लागून उपयोग काय?

इंजिनिअर म्हणून मला यातला सगळ्यात अवघड भाग फोनच्या पुढचा वाटतो. निरोप मिळाल्यावर गाडी निघते का? दोनदा फोन करूनही कुणी आलं नाही, तर तिसऱ्यांदा कोण करेल? आणि तोच फोन टोळीच्या हाती लागला, तर शेवटचा नंबर बघून खबर देणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. त्याचं नाव, नंबर, गाव कोण बघू शकतं, हे आधी ठरवायला हवं.

ऑगस्ट २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद भारताकडे असताना, भारताच्या मदतीने ‘युनाइट अवेअर’ ही प्रणाली पुढे आली. जवानांना आसपासच्या धोक्याचं चित्र नकाशावर दिसावं, हा तिचा हेतू. चांगलंच आहे. पण नकाशावरच्या कित्येक ठिपक्यांमागे कुणीतरी जीव धोक्यात घालून केलेला फोन असतो.

तुमच्यातले बरेच जण उद्या ॲप बनवतील. तक्रारीचं असो, मदतीचं असो. ‘पाठवा’ हे बटण एका दुपारीत होतं. पलीकडे कोण ऐकणार, किती वेळात निघणार आणि सांगणाऱ्याला कोण सांभाळणार, याची उत्तरं मिळेपर्यंत ते बटण लोकांच्या हाती देऊ नका.